जर्मन चित्रपट पाहताना वहीत लिहायची दोन वर्षे

जर्मनीविषयी बहुतेक मराठी वाचकांच्या मनात दोन चित्रे पक्की असतात. पहिले हिटलर आणि दुसऱ्या महायुद्धाचे. दुसरे यंत्रे, मोटारी आणि वक्तशीरपणा यांचे, जे पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या जर्मन कारखान्यांमुळे आपल्याकडे आणखी ठळक झाले. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे निघालेली मुलेमुली भाषेच्या परीक्षा देतात, व्हिसाची कागदपत्रे जमवतात. परंतु ज्या समाजात आपण राहणार आहोत तो कशाने दुखावतो, कशाविषयी गप्प बसतो आणि कोणत्या गोष्टीवर मनापासून हसतो, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ते समजण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे त्या देशाचे चित्रपट ठरावीक क्रमाने आणि थोडी तयारी करून पाहणे. जर्मनीला न जाता केवळ कुतूहल असलेल्या वाचकालाही पुढील पायऱ्या तितक्याच उपयोगी पडतील.

पहिली पायरी: वही आणि दोन वर्षे

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक चित्रपटाच्या नावापुढे दोन वर्षे लिहावीत: कथा कोणत्या वर्षी घडते आणि चित्रपट कोणत्या वर्षी तयार झाला. जर्मन चित्रपटांच्या बाबतीत ही सवय मी सर्वांत महत्त्वाची मानतो. विसाव्या शतकात या देशात सम्राटाचे साम्राज्य, पहिल्या महायुद्धानंतरचे वायमार प्रजासत्ताक, नाझी हुकूमशाही, पूर्व आणि पश्चिम जर्मनी ही एकमेकांशेजारची दोन राष्ट्रे आणि 1990 नंतरचा एकत्रित देश अशी पाच राज्यव्यवस्थांची रांग लागली. त्यामुळे 1966 मध्ये पूर्व जर्मनीत बनलेला चित्रपट आणि त्याच पूर्व जर्मनीविषयी 2006 मध्ये बनलेला चित्रपट हे दोन वेगळ्या समाजांचे साक्षीदार ठरतात. पहिला त्या काळाबद्दल सांगतो, तर दुसरा त्या काळाकडे मागे वळून पाहणाऱ्यांबद्दल. या दोन वर्षांमधल्या अंतरातच पुष्कळदा खरा मजकूर असतो.

चित्रपटाचे मूळ जर्मन नावही वहीत लिहून ठेवावे, कारण निरनिराळ्या देशांत आणि ऑनलाइन मंचांवर एकाच चित्रपटाला वेगवेगळी नावे दिली जातात आणि शोधताना मूळ नावच कामी येते.

दुसरी पायरी: आवाज मूळ ठेवावा

जर्मनीत परदेशी चित्रपट प्रामुख्याने जर्मन आवाजात डब करून दाखवले जातात, त्यामुळे तिथे राहायला गेलेल्या माणसाने चित्रपटगृहाच्या फलकावर ‘ओ-एम-ऊ’ ही तीन अक्षरे शोधायला शिकावे. त्यांचा अर्थ मूळ आवाज आणि खाली उपशीर्षके. जर्मन चित्रपट घरी पाहतानाही हाच नियम पाळावा, डब केलेली आवृत्ती टाळावी.

याचे कारण ‘डू’ आणि ‘झी’, म्हणजे जर्मनमधले जवळिकीचे ‘तू’ आणि औपचारिक ‘आपण’. आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक कानाने कळतो, म्हणून हा जर्मन फरक मराठी माणसाच्या लवकर लक्षात येतो. पण तो आपल्यासारखा नाही हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपण वडीलधाऱ्यांना ‘अहो’ म्हणतो; जर्मन मूल आजोबांना निःसंकोच ‘डू’ म्हणते आणि दोन समवयस्क सहकारी वर्षानुवर्षे ‘झी’वर राहू शकतात. तिथे ‘झी’ मुख्यतः अंतर दाखवते, आणि ते अंतर कमी करण्याचा प्रस्ताव सामान्यतः वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीकडून येतो. कोणत्या प्रसंगात दोन पात्रे ‘झी’वरून ‘डू’वर आली, याची नोंद वहीत करावी. इंग्रजी उपशीर्षकांत हा बदल पूर्णपणे हरवतो.

तिसरी पायरी: सुरुवात आजच्या शाळेपासून

पुष्कळ जण युद्धपटांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह वेगळा आहे. आधी आजचा जर्मन माणूस भेटू द्यावा, म्हणजे पुढे त्याचा इतिहास ऐकताना समोर कोणीतरी ओळखीचे असेल.

त्यासाठी इल्केर चाताक यांचा 2023 चा ‘डास लेरेरत्सिमर’, म्हणजे ‘शिक्षकांची खोली’, घ्यावा. हा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे एका शाळेच्या आवारात घडतो. गणित आणि खेळ शिकवणारी तरुण शिक्षिका कार्ला नोवाक शाळेतल्या चोऱ्यांचा छडा लावण्यासाठी स्वतःच्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवते. चित्रणात एका नक्षीदार ब्लाउजची बाही दिसते आणि संशय कार्यालयातल्या कर्मचारी बाईंवर जातो, ज्यांचा मुलगा कार्लाच्याच वर्गातला हुशार विद्यार्थी आहे. त्यानंतर जे घडते त्यात आजच्या जर्मनीची कितीतरी लक्षणे सापडतात. चोरीपेक्षा मोठा वाद तिने परवानगीविना चित्रण कसे केले यावर होतो, कारण व्यक्तीच्या माहितीचे संरक्षण हा तिथे अतिशय संवेदनशील विषय आहे. विद्यार्थी स्वतःचे वृत्तपत्र चालवतात आणि शिक्षिकेची मुलाखत छापतात. आरंभी संशय येतो तो तुर्की कुटुंबातल्या एका मुलावर. आणि पोलिश मुळे असलेली कार्ला, सहकारी पोलिशमध्ये बोलू लागताच, शाळेत जर्मनच बोलू या असे त्याला सांगते. हे छोटे वाक्य नीट ऐकावे. बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या माणसाला स्वतःची भाषा सार्वजनिक ठिकाणी बाजूला ठेवावीशी का वाटते, हा प्रश्न उद्या तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाचाही होणार आहे.

चौथी पायरी: पाहुणे म्हणून बोलावलेले कामगार

युद्धानंतर पश्चिम जर्मनीला माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारने इतर देशांशी कामगारभरतीचे करार केले: 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, आणि पुढे आणखी काही देशांशी. या लोकांना ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे कामगार, म्हटले गेले आणि काम संपले की ते परततील असे गृहीत धरले गेले. 1973 मध्ये भरती थांबली, पण अनेक कुटुंबे तिथेच राहिली. आजचा जर्मन समाज समजून घ्यायचा तर ही गोष्ट टाळता येत नाही.

यासाठी राइनर वेर्नर फासबिंडर यांचा 1974 चा ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’ पाहावा. त्याचे शीर्षकच व्याकरणदृष्ट्या मोडके आहे. ‘भीती आत्मा खाऊन टाकते’ हे मोरोक्कोहून आलेला अली त्याला येते तेवढ्या जर्मनमध्ये सांगतो, आणि दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले आहे. साठीच्या आसपासची विधवा सफाई कामगार एमी आणि वयाने खूप लहान असलेला अली म्युनिकमध्ये लग्न करतात. मुले तोंड फिरवतात, एक मुलगा रागाने दूरदर्शन संच लाथ मारून फोडतो, कोपऱ्यावरचा दुकानदार अलीला सामान देत नाही. काही काळाने सगळे पुन्हा गोड बोलू लागतात; दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते आणि मुलाला आपले मूल सांभाळणारी आजी. मन बदलल्यामुळे आलेला चांगुलपणा आणि गरजेपोटी आलेला चांगुलपणा यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

यातले दोन प्रसंग दुसऱ्यांदा पाहावेत. पहिल्यात एमी लग्नाच्या आनंदात अलीला ज्या उपाहारगृहात नेते ते हिटलरचे आवडते होते, आणि ती हे सहज, किंचित कौतुकानेच सांगते. आपण नाझी पक्षाच्या सदस्य होतो, तेव्हा जवळपास सगळेच होते, हेही ती तितक्याच सहजपणे बोलून गेलेली असते. दुसऱ्यात अलीला त्याच्याकडचे कूसकूस (रव्याच्या बारीक कणांचा पदार्थ) खावेसे वाटते आणि प्रेम करणारी तीच एमी ते करायला नकार देते, जर्मनीतल्या चालीरीतींची सवय कर असे सुचवते. भला माणूसही कोणत्या जागी अडतो ते इथे दिसते. ज्याने परमुलुखात वरणभाताची आठवण काढली आहे त्याला अलीचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यानंतर मन हलके करणारा, यासेमिन शामदेरेली यांचा 2011 चा ‘आल्मान्या’ बघावा. 1964 मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज माणसाचे खरोखरच जाहीर स्वागत झाले आणि त्याला मोपेड भेट मिळाली. या चित्रपटातला हुसेन त्याच्या लगेच मागचा, दहा लाख एकावा, आहे. यात तुर्की पात्रे आपसांत अस्खलित जर्मन बोलतात आणि खरे जर्मन लोक अगम्य, बनावट भाषा बोलतात, त्यामुळे जर्मन प्रेक्षकाला स्वतःचीच भाषा परक्या कानांनी ऐकावी लागते. पुढच्या पिढीचा राग आणि तगमग पाहायची असेल तर फातिह आकिन यांचा 2004 चा ‘गेगन डी वांड’ आहे. त्याला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो कठोर आहे. घरातल्या लहानांबरोबर पाहू नये. जर्मनीत प्रत्येक चित्रपटाला 0, 6, 12, 16 किंवा 18 असे वयाचे वर्गीकरण असते, ते आधी तपासावे.

पाचवी पायरी: दोन जर्मनी

ही पायरी सावकाश चढावी. 13 ऑगस्ट 1961 रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली, 9 नोव्हेंबर 1989 रोजी ती उघडली आणि 3 ऑक्टोबर 1990 रोजी देश एक झाला. तारखा पाठ करणे सोपे आहे. ज्यांचा देश एका वर्षात नाहीसा झाला त्यांच्या स्वयंपाकघरात काय बदलले, हे कळायला चित्रपट लागतो.

वोल्फगांग बेकर यांचा 2003 चा ‘गुड बाय, लेनिन!’ हा त्यासाठीचा उत्तम प्रवेश आहे. पूर्व बर्लिनमधली, समाजवादावर श्रद्धा असलेली आई 1989 च्या ऑक्टोबरमध्ये कोसळते आणि आठ महिने बेशुद्ध राहते. तेवढ्यात भिंत जाते. जागी झाल्यावर तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा एका खोलीत जुना देश जिवंत ठेवतो. तिला हवी असलेली श्प्रेवाल्ड भागातली लोणच्याची काकडी दुकानांतून गायब झाली आहे, म्हणून तो कचऱ्यातून जुन्या बरण्या शोधतो आणि त्यांत नवा माल भरतो. 1 जुलै 1990 पासून पश्चिमेचे चलन, मार्क, पूर्वेत लागू झाले. आईने लपवून ठेवलेली बचत मुदत टळल्यावर सापडते आणि बँक ती घेत नाही. आपल्याकडे 2016 च्या नोटाबंदीत जुन्या नोटा कपाटात राहून गेलेल्या घरांना तो प्रसंग चांगलाच जवळचा वाटेल.

मग फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क यांचा 2006 चा ‘डास लेबन डेर आंडरन’, म्हणजे ‘इतरांचे आयुष्य’. श्टासी या गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी 1984 मध्ये एका नाटककाराच्या घरातले संभाषण माळ्यावर बसून ऐकतो आणि हळूहळू बदलतो. 1989 मध्ये या खात्यात सुमारे 91,000 पूर्णवेळ कर्मचारी होते. शेजारी, सहकारी, कधी नातलग असलेले खबरे वेगळेच. चित्रपट सुंदर आहे, ऑस्करविजेता आहे, पण इथे वहीतली दोन वर्षे वाचावीत: 1984 आणि 2006. श्टासीच्या जुन्या तुरुंगाच्या, होहेनशोनहाउझेनच्या स्मारकाच्या तत्कालीन प्रमुखांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली, कारण छळ करणाऱ्या यंत्रणेतला माणूस नायक व्हावा हे त्यांना मान्य नव्हते. ही हरकत मला गंभीर वाटते, आणि ती माहीत असूनही चित्रपट पाहावा असेच मी म्हणेन. समतोलासाठी आंद्रेआस ड्रेझेन यांचा 2018 चा ‘गुंडरमान’ जोडीला घ्यावा. कोळशाच्या खाणीत अजस्र खोदयंत्र चालवणाऱ्या आणि गाणी लिहिणाऱ्या एका खऱ्या माणसाची ती कथा आहे. तो स्वतः खबऱ्या होता आणि पुढे त्याला ते स्वीकारावे लागते. दिग्दर्शक पूर्वेतच वाढलेला असल्यामुळे नजर वेगळी आहे.

शेवटी खुद्द पूर्व जर्मनीने बनवलेला चित्रपट पाहावा. तिथली सरकारी चित्रपटसंस्था ‘डेफा’ 1946 मध्ये पॉट्सडाममधल्या बाबेल्सबर्ग इथे सुरू झाली. फ्रांक बायर यांचा 1966 चा ‘श्पुर डेर श्टाइने’ एका मोठ्या बांधकामावरच्या सुतारांच्या टोळीची आणि सत्ताधारी पक्षाच्या सचिवाची गोष्ट सांगतो. प्रदर्शनानंतर अवघ्या काही दिवसांत तो काढून घेण्यात आला आणि 1989 मध्येच पुन्हा पडद्यावर आला. यातला टोळीप्रमुख बाला आणि त्याचे साथी काळ्या कॉर्डरॉयचे कपडे आणि रुंद काठाची टोपी घालतात. हा सुतारांच्या जुन्या कारागीरसंघांचा पोशाख आहे, आणि शिक्षण संपवून तीन वर्षे एक दिवस गावोगाव काम करत भटकणारे तरुण कारागीर आजही जर्मन रस्त्यांवर या वेशात दिसतात. हाताने काम करणाऱ्याचा तिथला मान आणि धंदेशिक्षणाला असलेली प्रतिष्ठा यांची मुळे इथे शोधावीत.

सहावी पायरी: नाझी काळ, आणि त्यानंतरचे मौन

आता त्या विषयाकडे यावे. शत्रूच्या फौजा आणि रणगाडे पाहण्यापेक्षा जर्मनांनी स्वतःकडे कसे पाहिले हे शोधले तर अधिक हाती लागते. वोल्फगांग श्टाउटे यांचा ‘डी म्योर्डर झिंड उंटर उन्स’ 1946 मध्ये, युद्ध संपून वर्षभरातच, बर्लिनच्या खऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित झाला. नावाचा अर्थ ‘खुनी आपल्यातच आहेत’. छळछावणीतून परतलेली तरुणी, दारूत बुडालेला डॉक्टर, आणि पोलादी शिरस्त्राणांपासून भांडी बनवून सुखाने जगणारा माजी सेनाधिकारी अशी त्यातली माणसे आहेत.

पण 1950 च्या दशकात पश्चिमेतले प्रेक्षक मुख्यतः हिरवी राने, लोकगीते आणि गावचे सण दाखवणाऱ्या ‘हायमाटफिल्म’ला गर्दी करत होते. ‘हायमाट’ म्हणजे आपले गाव, आपली माती, आणि त्याहून थोडे अधिक. कोकणातून मुंबईत आलेला माणूस ‘गावाक जातंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात जे असते ते या शब्दात आहे. लक्षावधी निर्वासित पूर्वेकडची घरे गमावून आले होते, त्यांना हे चित्रपट धीर देत होते. मात्र त्याच वेळी ते गप्प राहायलाही मदत करत होते. 1962 मध्ये ओबरहाउझेन इथे 26 तरुण चित्रकर्मींनी जाहीरनामा काढून हा जुना चित्रपट संपल्याचे घोषित केले, आणि फासबिंडर यांच्यासारख्यांना त्यानंतरच वाट मिळाली.

ते मौन कायद्याच्या पातळीवर कसे फुटले हे जूलिओ रिचारेली यांच्या 2014 च्या ‘इम लाबिरिंट डेस श्वाइगेन्स’मध्ये दिसते. फ्रांकफुर्टमध्ये 1963 ते 1965 या काळात आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या माजी पहारेकऱ्यांवर आणि अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याची तयारी हा त्याचा विषय. तरुण वकील काल्पनिक आहे, त्याच्या पाठीशी उभे असलेले महाधिवक्ता फ्रिट्झ बाउअर मात्र खरे. आउश्वित्झ हे नावसुद्धा अनेक तरुण जर्मनांना तेव्हा ठाऊक नव्हते, ही गोष्ट आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल.

नाझी राजवटीत बनलेले प्रचारपट कुतूहलापोटी एकट्याने शोधत बसू नये. त्यांतले सुमारे 40 चित्रपट जर्मनीत आजही केवळ तज्ज्ञाची प्रस्तावना आणि नंतरची चर्चा यांसहच दाखवले जातात. वीसबाडेनची मुर्नाउ प्रतिष्ठान ही संस्था त्यांचे हक्क सांभाळते. ही व्यवस्थाच त्या समाजाबद्दल बरेच सांगून जाते.

सातवी पायरी: मूकपट, आणि आपल्याशी असलेला धागा

मूकपटांना भिऊ नये. एफ. डब्ल्यू. मुर्नाउ यांच्या 1924 च्या ‘डेर लेट्स्टे मान’मध्ये मोठ्या हॉटेलचा म्हातारा दारवान वयामुळे प्रसाधनगृहात कामाला पाठवला जातो, आणि घरच्या लग्नात अब्रू राहावी म्हणून तो आपला गणवेश चोरतो. संवादाच्या पाट्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही सगळे कळते. 1930 च्या ‘मेन्शन आम झोनटाग’, म्हणजे ‘रविवारची माणसे’, यात टॅक्सीचालक, दारूविक्रेता, रेकॉर्डच्या दुकानातली विक्रेती अशा खऱ्या बर्लिनकरांनी काम केले आणि चित्रीकरण झाल्यावर ती आपापल्या कामावर परतली. तळ्याकाठचा तो आळसावलेला रविवार आजही ओळखू येतो. 1919 च्या वायमार संविधानातले रविवारच्या विश्रांतीचे कलम आजच्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मनीच्या संविधानात, तसेच सामील आहे, आणि नव्याने गेलेल्या भारतीयाला रविवारी बंद दुकानांसमोर उभे राहिल्यावर त्याची पहिली ओळख होते.

इथेच आपला धागाही सापडतो. प्रभातच्या 1933 च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार झाल्या आणि त्यासाठी व्ही. शांताराम तिकडे गेले होते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 1936 चा ‘अछूत कन्या’ म्युनिकच्या फ्रांझ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केला आणि योझेफ विर्शिंग यांनी चित्रित केला. मुर्नाउ यांच्या पडद्यावरचा उजेड आणि सावल्या पाहिल्यावर आपले ते जुने चित्रपट पुन्हा पाहावेत. नजर बदललेली जाणवेल.

आठवी पायरी: सोबत आणि जागा

पुणे आणि मुंबईतल्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजेच गोएथे संस्थेच्या शाखांत, जर्मन चित्रपटांचे खेळ होतात. 1968 पासून चालत आलेल्या मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांकडेही लक्ष ठेवावे. शक्यतो तिघाचौघांनी मिळून आठवड्याला एकच चित्रपट पाहावा आणि त्याच रात्री दोन वर्षांच्या नोंदीवर बोलावे. जर्मनीत राहत असाल तर मोठ्या साखळी चित्रपटगृहांऐवजी शहराचे ‘कोमुनालेस कीनो’, म्हणजे सार्वजनिक मदतीवर चालणारे चित्रपटगृह, शोधावे, जिथे जुने चित्रपट प्रस्तावनेसह दाखवतात. तिथे पॉपकॉर्न बहुधा गोड मिळते, खारे हवे असल्यास तसे सांगावे.

जर्मन ओळखीच्यांशी बोलताना, विशेषतः ते पूर्वेतले असतील तर, ‘तुमच्याकडे असेच होते ना?’ असे विचारू नये. ‘हा चित्रपट तुम्हाला खरा वाटला का?’ असे विचारावे आणि मग ऐकत राहावे. विषय जड वाटला तर ‘टाटओर्ट’पासून सुरुवात करावी. 1970 पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागणाऱ्या या गुन्हेकथांच्या मालिकेत प्रत्येक शहराचे स्वतःचे तपास अधिकारी असतात, आणि म्युनिक, कोलोन की म्युन्स्टर यांतले कोणते बरे, यावर जवळजवळ प्रत्येकाचे ठाम मत असते. काही पबांत तर ती सगळे मिळून पाहतात. आमंत्रण मिळाले तर अवश्य जावे. आणि आमंत्रण मिळेपर्यंत, रविवारी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान त्या ओळखीच्यांना फोन करणे टाळावे.